स्वावलंबन पोर्टल : अर्ज अर्ध्या तासात, खोळंबा त्यानंतर

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), दोन्हींसाठी केंद्र सरकारचं स्वावलंबन पोर्टल आहे. फी लागत नाही आणि कागदपत्रं हाताशी असली की अर्ज अर्ध्या तासात भरून होतो. पोर्टलचा हा भाग खरंच चांगला आहे. स्टेटसचं पान मात्र अर्ज प्रलंबित आहे एवढंच सांगतं, का अडलाय ते सांगत नाही.

पुष्कळदा तो रुग्णालयाच्या निवडीपाशी अडतो. जवळ पडतं म्हणून उपजिल्हा रुग्णालय निवडलं आणि तिथे श्रवणचाचणीची सोय किंवा मानसोपचारतज्ज्ञ नसले, तर तपासणीला गेल्यावर जिल्हा रुग्णालयाकडे बोट दाखवतात. म्हणून आधी चौकशी करा : आपल्या प्रकारच्या दिव्यांगत्वाची तपासणी तिथे होते का, आणि कोणत्या वारी? बौद्धिक दिव्यांगत्वाला बुद्ध्यांक चाचणी लागते, लहान मुलांच्या कानांसाठी बेरा ही श्रवणचाचणी. या चाचण्यांची रांग वेगळी असते, त्यामुळे तारीख लगेच घेऊन ठेवा.

पूर्वी प्रमाणपत्र देण्यासाठी रुग्णालयाला एक महिन्याची मुदत होती. नियमांतल्या ऑक्टोबर २०२४ च्या बदलाने ती तीन महिने झाली. लोकांच्या हालअपेष्टा बघता हा बदल उलट्या दिशेचा आहे. त्याच बदलात आणखी एक मेख आहे : दोन वर्षं निर्णय झाला नाही, तर अर्ज निष्क्रिय धरला जातो. त्यामुळे नुसती वाट बघत बसू नका. तीन महिने उलटले की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे अर्ज क्रमांक घालून स्मरणपत्र द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह आवकचा शिक्का मारून घ्या. पुढे पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात तक्रार करायची झाली, तर तोंडी सांगितलेल्या खेपांपेक्षा तो शिक्का कामी येतो. प्रमाणपत्रावरची दिव्यांगत्वाची टक्केवारी पटली नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं.

प्लास्टिकचं कार्ड टपालाने यायला वेळ लागतो. त्यासाठी थांबू नका, पोर्टलवरून ई-कार्ड आणि प्रमाणपत्र उतरवून घ्या. कार्डाचा रंग पिवळा (४० टक्के आणि पुढे, पण ८० च्या आत) किंवा निळा (८० टक्के आणि पुढे) असेल, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला करता येतो. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिना २५०० रुपये आहेत, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून तो प्रमाणपत्र हातात आल्यावरच काढा. आधी काढलेला दाखला रुग्णालयातल्या तपासणीची वाट बघतानाच बाद होऊ शकतो.

मंजुरी आली आणि पैसे आले नाहीत, तर आधी बँकेत विचारा की खातं आधारशी डीबीटीसाठी (सरकारी रक्कम थेट खात्यात जमा होण्यासाठी) जोडलंय का. केवायसी झालेली असली तरी हे जोडणं राहून गेलेलं असू शकतं, आणि दोन-तीन बँकांत खाती असली तर रक्कम भलत्याच खात्यात जमा झालेली सापडते.