स्वस्त टायर की नामांकित?

भाचीला गाडीचे चारही टायर बदलायचे आहेत आणि स्वस्त घ्यावेत की नामांकित, या पेचात ती पडली आहे.

सुरक्षिततेचा खरा फरक ओल्या रस्त्यावर पडतो. रबरात मिसळलेल्या सिलिका या खनिज पुडीमुळे ओल्या डांबरावर पकड सुधारते, आणि नेमकी या मिश्रणातच स्वस्त टायरमध्ये बहुधा काटकसर झालेली असते. त्यामुळे पावसाळ्यात इंदूरहून ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटाच्या उतारावर ब्रेक दाबला, तर गाडी थांबायला अधिक अंतर लागू शकते. इंदूर शहरातल्या राजवाडा भागाच्या गर्दीत, कमी वेगात, हा फरक फारसा जाणवत नाही.

महागडा टायर अधिक टिकतोच असे नाही. मऊ रबर पकड देते, पण लवकर झिजते.

दोन्हींत आयएसआय चिन्ह आणि भारक्षमता पाहावीच. बाजूवर ‘2324’ असे कोरलेले असेल, तर तो टायर 2024 च्या 23 व्या आठवड्यातला. नक्षीची खोली झिजून 1.6 मिलिमीटरच उरलेल्या नामांकित टायरपेक्षा नवा, प्रमाणित स्वस्त टायर पावसात माझ्या मते केव्हाही बरा.

गाडी शहरातच फिरणार असेल, तर प्रमाणित स्वस्त टायर पुरेत. महामार्ग, घाट आणि भरलेली गाडी नेहमीची असेल, तर नामांकितच घ्यावेत.