पलटी हौद्याची दोनचाकी ढकलगाडी: गोठ्याला उत्तम, बांधकामाला नको

खटारा म्हटलं की आज कुणाच्या तरी जुन्या मोटारीची टिंगल चाललेली असते. मूळ शब्द मात्र ओझं वाहायच्या बैलगाडीचा. त्याच कुळातली, हाताने ढकलायची आणि हौदा पुढे पलटी होणारी दोनचाकी गाडी आता गोठ्यांमध्ये दिसते. फॅब्रिकेशनवाले ती बनवून देतात, तयारही मिळते. गोठ्यात कोबा असेल तर जरूर घ्यावी. स्लॅबच्या कामाला फळीवरून माल न्यायचा असेल तर एकचाकीच बरी, कारण दोन चाकं एका फळीवर मावत नाहीत आणि दोन फळ्या कधी एका पातळीत राहत नाहीत.

हौद्याचं सोयीचं माप 80 × 50 × 25 सेंमी, म्हणजे काठोकाठ 100 लिटर. ताजं शेण जवळपास पाण्याइतकं भरतं, तेव्हा दोन बोटं मोकळी ठेवली तरी 85-90 किलो होतात. याच हौद्यात ओलं काँक्रीट काठोकाठ भरलं तर 240 किलो! दांडे वाकतात ते बहुतेक असेच. मग दोष वेल्डिंगला.

खरी परीक्षा ॲक्सल कुठे बसवलाय याची. एकचाकीत चाक पुढे असतं. भाराचा मध्य चाकापासून 40 सेंमी आणि मूठ 130 सेंमीवर धरली, तर 90 किलोपैकी सुमारे 28 किलो हातावर येतात. दोनचाकीत ॲक्सल हौद्याखालीच असतो. तो मध्याच्या 10 सेंमी पुढे असेल तर हातावर जेमतेम 7 किलो. बैलगाडीवाल्यांच्या भाषेत गाडी थोडी धुरजडच, म्हणजे दांड्यांच्या बाजूला जड, हवी. ॲक्सल बरोब्बर मध्याखाली घेतला की गाडी उलाळ होते: शेण जरा पुढे सरकलं की दांडे वर उडतात, तेही हनुवटीच्या दिशेने. दुकानात बघायचं तर हौद्याच्या मधोमध 50 किलोची सिमेंटची गोणी ठेवा आणि दांडे उचला. हाताला थोडं वजन लागलं पाहिजे. अजिबात लागलं नाही तर ती गाडी नको.

तसंच बिजागरीचं. ती हौद्याच्या अगदी पुढच्या कडेला असेल, तर मागची कड उचलायला निम्मा भार, म्हणजे 45 किलो, उचलावा लागतो. मध्यापासून 10 सेंमी पुढे असेल तर 18 किलोत काम होतं. मध्याच्या मागे मात्र नको, कारण खिट्टी काढताच हौदा आपणहून कोसळतो. खिट्टी वरून खाली पडणारी आणि साखळीने बांधलेली हवी. स्प्रिंगची खिट्टी शेणाने आठवडाभरात चिकटते, अर्धवट बसते आणि उतारावर नेमकी सुटते.

पत्रा 16 गेजचा, म्हणजे 1.6 मिमी घ्या. 18 गेज 1.2 मिमीचा असतो. एवढ्या हौद्यात दोघांच्या वजनात फरक जेमतेम तीन किलोचा, त्यामुळे किलोवर भाव लावला तरी वाचतं थोडंच. गंज पत्र्याच्या मधोमध लागत नाही. आतल्या कोपऱ्यांत, वेल्डिंगच्या कडेला, जिथे गोमूत्र साचतं तिथे लागतो. म्हणून आतला सांधा तुटक टाक्यांचा नको, सलग हवा. काम झालं की धुऊन हौदा पलटी करूनच ठेवायचा. एवढं केलं तरी पुरे, दर वर्षीच्या रंगाचा फार उपयोग नाही.

चाकं 4.00-8 मापाची मागा. रिक्षाचं टायर त्याच मापाचं असल्यामुळे टायर-ट्यूब तालुक्याला सहज मिळते. बेअरिंग 6204 हवं, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं; पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. नुसत्या बुशावर फिरणारं चाक स्वस्त पडतं, पण काही महिन्यांत डुगडुगायला लागतं. बाभळीचे काटे असतील तिथे भरीव टायर चालेल, मात्र दगडगोट्यांवर हाताला हादरे बसतात.

हवा भरताना सांभाळा. टायरवर लिहिलेला आकडा रिक्षासाठीचा असतो, ढकलगाडीच्या पातळ रिमला 30 पीएसआयच्या वर जाऊ नये. कॉम्प्रेसरने ती दोन-चार सेकंदांत भरते, तेव्हा नळी लावून गप्पा मारत उभं राहू नये. रिम दोन ताटं बोल्टने जोडलेली असते. पंक्चर काढायला आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची, मगच बोल्ट सैल करायचे. हवा असताना बोल्ट काढले तर रिमचं ताट उडून तोंडावर येतं. फॅब्रिकेशनवाला हे सांगेलच असं नाही.

ऑर्डर देण्याआधी गोठ्याचं दार मोजा. हौदा 50 सेंमीचा असला तरी चाकं बाहेर असतात. एकूण रुंदी दारापेक्षा थोडी कमी असली तरच गाडी निघते, आणि हे माप टायरपासून टायरपर्यंत नाही, ॲक्सलच्या बाहेर आलेल्या नटापासून नटापर्यंत घ्यायचं. चौकटीला घासतो तो नट.