दोस्तांच्या मैफलीत ‘तू कोण?’ची क्विझ लावायची की ‘तुला काय येतं?’ची?

दिवाळीत शाळेचा ग्रुप जमतो, चकल्या संपतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘चला, क्विझ घेऊ.’ कोणती, ते माणसं किती आहेत त्यावर ठरवा.

आम्ही एकदा सिक्स्टीन पर्सनॅलिटीज या स्वभाव सांगणाऱ्या ऑनलाइन चाचणीची लिंक ग्रुपवर टाकली. फुकट आहे, साठेक विधानं, प्रत्येकाला ‘पटतं’ ते ‘पटत नाही’ अशा सात गोलांपैकी एक निवडायचा. दहा-बारा मिनिटं सात जण माना खाली घालून बसलो. खोलीत नुसता पंख्याचा आवाज. खरी धमाल निकालानंतर. त्यातही युक्ती अशी, की निकाल उघडण्याआधी बाकीच्यांनी अंदाज सांगायचा. ‘अंतर्मुख? तू? लग्नात माईक कोण सोडत नव्हतं?’ पुढचा तासभर त्यावरच गेला.

निकाल मात्र मनावर घेऊ नका. स्वभावाला INFP सारखी चार अक्षरं चिकटवायची ही पद्धत मुळात कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींची, मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या 1921 सालच्या पुस्तकावरून उभी केलेली. आपलं वर्णन हुबेहूब का वाटतं, याचं एक उत्तर 1948 मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञानं दिलं. त्यानं विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि ‘हा तुमचा अहवाल’ म्हणून सगळ्यांना एकच मजकूर वाटला, तोही बहुतांशी राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले! ‘वरून शांत, आत खूप विचार’ हे कुणाला लागू पडत नाही?

आणि फेसबुकनं लॉगिन करा म्हणणारी क्विझ दिसली की ती बंद करा. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचारासाठी फेसबुकची माहिती वापरणाऱ्या कंपनीच्या प्रकरणातली क्विझ भारतात फक्त 335 जणांनी घेतली होती, पण मित्रयादीतून 5,62,000 हून जास्त लोकांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता खुद्द फेसबुकनं सांगितली. मजा एकाची, भुर्दंड दोस्तांना.

माणसं आठ-दहा असतील, त्यात पोरं आणि काकू असतील, तर सरळ ज्ञानाची क्विझ लावा. नॉर्वेचं काहूट हे क्विझचं अ‍ॅप त्यासाठी बरं: प्रश्न टीव्हीवर, उत्तरं मोबाइलवर, पिन टाकला की खेळात. कुणी कोपऱ्यात बसत नाही. खोट गुणांच्या हिशेबात आहे. झटक्यात बरोबर उत्तर दिलं तर हजारापर्यंत गुण, तेच शेवटच्या क्षणी दिलं तर जेमतेम निम्मे. व्हिडिओ कॉलवरच्या न्यू जर्सीच्या मैत्रिणीला प्रश्न दोन-तीन सेकंद उशिरा दिसायचा. ती सगळं येत असून शेवटून दुसरी आली आणि अजून टोमणे मारते. एका प्रश्नाची वेळ वाढवता येते, ती आधीच वाढवून ठेवा. प्रश्न काढायचं काम क्रिकेटवेड्याकडे देऊ नका, हे आम्ही अनुभवानं शिकलो.

माझा कल काहूटकडेच, पण तयार प्रश्नसंच नको. मराठीत टाइप करून आपलेच प्रश्न घाला. आम्ही घातलेला पहिला प्रश्न होता, ‘दहावीच्या सहलीत बस कुणामुळे चुकली?’ पर्याय चार, चौघंही खोलीत हजर. बरोबर उत्तर टीव्हीवर झळकलं, तरी त्याला ते अजून मान्य नाही.