वर्डप्रेस फुकट असतं, हे आम्हाला 84 हजार गेल्यावर कळलं

पेणजवळ आमचा गणपतीचा कारखाना आहे, सासऱ्यांच्या वडिलांनी सुरू केलेला. सासरे आजही डोळ्यांची आखणी स्वतः करतात, दुसऱ्या कुणाला त्या ब्रशला हात लावू देत नाहीत. नवरा साचे आणि रंगकाम बघतो, मी ऑर्डरी, हिशेब आणि पॅकिंग. घरचं सांगायचं कारण एवढंच, की आमच्यासारखे कारखाने पेणला, हमरापूरला, जोह्याला घरोघरी आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी वेबसाइट करून घेतली आहे किंवा घेणार आहेत. वेबसाइट चालवायची वर्डप्रेस ही तयार यंत्रणा फुकट मिळते, आणि आमच्याकडून तिचीच वर्षाला फी घेतली गेली. आमच्या बाबतीत जे झालं ते त्यांच्या बाबतीत होऊ नये.

2020 साली सरकारने घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली, बाजार बंद, आणि पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर फोटो मागू लागली. दिवसाला दोनशे फोटो पाठवायचे, त्यात कुठली मूर्ती कुणाला दिली याचा घोळ. परदेशातल्या मंडळांच्या मूर्ती तर बोटीने जातात, त्यांना आमच्याकडून फेब्रुवारी-मार्चमध्येच निघावं लागतं, म्हणजे त्यांची निवड त्याच्याही आधी. म्हणून जानेवारी 2021 मध्ये वेबसाइट करायचं ठरवलं. नात्यातल्या एकाने पनवेलच्या माणसाचं नाव सुचवलं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, पण त्याची रीत लिहिते, कारण त्या रीतीने काम करणारा तो एकटा नाही.

तो घरी आला, चहा घेतला, लॅपटॉप उघडून दाखवला. म्हणाला, "वहिनी, हे आमचं स्वतःचं सीएमएस आहे, साइट सांभाळायची यंत्रणा. फोटो, किंमत, मजकूर सगळं तुम्ही घरबसल्या बदलाल, कोड लिहावा लागत नाही." साइटचे 35 हजार, आणि सीएमएसची लायसन्स फी वर्षाला 14 हजार. ती भरली नाही तर साइट आपोआप बंद पडते, असं तो म्हणाला. अर्धे पैसे रोख घेतले, अर्धे जीपेवर. बिल मागितलं तर "देतो, देतो". डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आणि होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, कुठे, हे मी विचारलंच नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

साइट मला मनापासून आवडली होती, हेही खरं. रात्री जेवणं आटोपली की मी बसायचे. चौरंगावरचा गणपती, लोडाला टेकलेला, दगडूशेठ पद्धतीचा, बालगणेश, एकेकाचा फोटो चढवायचा, उंची इंचात, शाडूची की कागदाच्या लगद्याची, वजन, किंमत. एका मूर्तीला दहा मिनिटं लागायची. विकली गेली की तिथेच 'शिल्लक नाही' केलं, की फोन बंद. त्या वर्षी पहिल्यांदा आमच्याकडे एकच मूर्ती दोघांना कबूल केली असं झालं नाही. स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात त्या माणसाच्या फर्मचा लोगो आणि खाली त्याच्या फर्मचं नाव. त्यामुळे ही यंत्रणा त्यानेच बनवली आहे यावर माझा पूर्ण विश्वास बसला.

पहिली शंका यायला हवी होती ती लिंकवरून. मूर्तीचं नाव मी मराठीत लिहायचे, आणि लिंक व्हॉट्सॲपवर चिकटवली की तिच्यात नुसती टक्क्यांची चिन्हं आणि आकडे. गिऱ्हाइकांना वाटायचं, काहीतरी भलतंच आलं. मी त्याला सांगितलं तर म्हणाला, मराठी लिंकसाठी वेगळं मॉड्यूल लागतं, 3 हजार. दिले. आता कळलंय ते असं: देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, लिंकमध्ये नऊ रोमन चिन्हांनी लिहिलं जातं. नुसता 'गणपती' शब्द पंचेचाळीस चिन्हांचा होतो. लिंकच्या त्या तुकड्याला दोनशे चिन्हांची मर्यादा असते, म्हणून लांब नावं मधेच तुटतात. उपाय काय, तर मूर्तीच्या पानावरच लिंकचा एक रकाना असतो, त्यात रोमन अक्षरांत छोटं नाव लिहायचं. मॉड्यूल नाही, पैसे नाहीत, अर्ध्या मिनिटाचं काम. त्याने ते केलं आणि 3 हजार घेतले.

जानेवारी 2022 मध्ये लायसन्सचे 14 हजार गेले, जानेवारी 2023 मध्ये पुन्हा 14 हजार.

त्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एका मंडळाच्या ताईंचा रात्री फोन आला. दर वर्षी आमच्याकडूनच मूर्ती नेतात. म्हणाल्या, "अगं, तुमची साइट उघडली की बुटांचं दुकान उघडतंय." मी लगेच बघितलं, माझ्याकडे व्यवस्थित उघडली. त्यांना म्हटलं, तुमच्याकडेच काहीतरी असेल. दोन दिवसांनी डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाने तेच सांगितलं. मी त्या माणसाला फोन केला. त्याने ठामपणे सांगितलं, "त्यांच्या मोबाइलमध्ये व्हायरस आहे. पण तुमच्या समाधानासाठी सिक्युरिटी पॅकेज टाकू, 18 हजार." बोटीची तारीख जवळ आलेली. दिले. पंधरा दिवस बरं चाललं. मग क्रोमवर साइट उघडायच्या आधी लाल पान येऊ लागलं, पुढची साइट फसवी आहे असा इशारा देणारं. गणपतीच्या कारखान्याच्या नावावर लाल पान. सासऱ्यांना ते दाखवायचा मला धीर झाला नाही.

शिमग्याला भाचा आला. लोणेऱ्याच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला आहे. त्याने माझा लॅपटॉप बाजूला ठेवला, स्वतःचा फोन काढला, वायफाय बंद केलं आणि गूगलमध्ये 'साइट' हा इंग्रजी शब्द, पुढे अपूर्णविरामासारखी दोन टिंबं आणि आमचं डोमेन असं टाइप केलं. त्याने गूगलच्या नोंदीतली त्या साइटची पानं दिसतात. आमच्या साइटवर तेव्हा चौतीस मूर्ती होत्या. गूगलच्या यादीत पानंच संपेनात. आमच्या नावाखाली ओळीने जपानी अक्षरं, बुटांच्या आणि पर्सच्या किमती येनमध्ये. मधेच एका ओळीत आमच्या बालगणेशाचा छोटा फोटो, आणि त्याच्याखाली तीच जपानी अक्षरं. मी ते बघून उठून आत गेले.

या प्रकाराला जपानी कीवर्ड हॅक म्हणतात, गूगलने त्यावर स्वतंत्र मार्गदर्शन लिहिलेलं आहे इतका तो सर्रास आहे. घुसलेला कोड माणूस बघून वागतो: गूगलवरून आलेल्याला बुटांच्या दुकानात ढकलतो, आणि लॉगिन करून बसलेल्या मालकाला सगळं नीट दाखवतो. म्हणून मला कधीच काही दिसलं नाही.

मग भाच्याने पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडला आणि विचारलं, "मावशी, सीएमएस त्याचं स्वतःचं आहे म्हणाला ना? हे तर वर्डप्रेस आहे." फोटोंच्या पत्त्यात जागोजागी 'डब्ल्यूपी-कंटेंट' असं लिहिलेलं होतं. लोगो बदलला होता, आतलं तेच. वर्डप्रेस मॅट मलेनवेग आणि माइक लिटल यांनी 27 मे 2003 ला पहिल्यांदा लोकांसमोर आणलं. जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे कुणीही घ्यावं, वापरावं, बदलावं, वाटावं. जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. मराठीतही मिळतं. दुकानासाठीचा वूकॉमर्स हा भागसुद्धा मुळात फुकट. वर्डप्रेसला लायसन्स फी नावाची गोष्टच नाही. आमचे दोन वेळचे 14 हजार कशाचे होते, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

कष्टाचे पैसे कुणी घ्यावेत याबद्दल माझं म्हणणं नाही. साइट उभी करणं, सांभाळणं, अपडेट करणं हे काम आहे आणि त्याचे पैसे द्यायलाच हवेत. होस्टिंगला आणि डोमेनला वर्षाला पैसे लागतात, थीम, म्हणजे साइटचं तयार रूप, तीही कधी कधी विकत घ्यावी लागते. पण जे फुकट आहे त्याची फी लावणं आणि जे विकत घ्यायचं ते चोरवाटेने आणणं, या दोन्ही गोष्टी त्याने आमच्याबाबतीत केल्या.

दुसरी गोष्ट जास्त घातक. विकतच्या थीम आणि प्लगइन्स (साइटला जोडायचे जादा भाग) यांच्या 'नल्ड' प्रती मिळतात, म्हणजे लायसन्सची तपासणी काढून टाकलेल्या. भाच्याने नंतर फोनवर विचारलं तेव्हा त्या माणसाने आमच्या साइटवर तशाच प्रती टाकल्याचं कबूलही केलं. वर ऐकवलं, "जीपीएल आहे, ही चोरी नाही." परवान्यापुरतं त्याचं म्हणणं खोटं नसेलही. पण जो माणूस दुसऱ्याची थीम उघडून तपासणी काढतो, तो त्यात स्वतःचं काय घालतो ते कोण बघतं? शिवाय मूळ कंपनीचं लायसन्स नसेल तर अशा थीम-प्लगइन्सना कंपनीचे अपडेट येत नाहीत. वर्डप्रेस स्वतःचे छोटे सुरक्षा अपडेट 2013 पासून आपोआप बसवतं, पण या बाहेरच्या प्रतींना त्याचा उपयोग नाही. आमच्या साइटची थीम बसवल्या दिवसापासून तशीच पडून होती.

शिमग्याच्या त्या रात्री भाचा म्हणाला, भांडायच्या आधी सगळं उतरवून घेऊ. माझं लॉगिन 'शॉप मॅनेजर'चं होतं, 'ॲडमिनिस्ट्रेटर'चं नाही. डाव्या बाजूच्या मेनूत मला 'प्लगइन्स' कधी दिसलंच नव्हतं, आणि तिथे काही असतं हेही माहीत नव्हतं. तरी त्या लॉगिनने मूर्तींची यादी एक्सेलमध्ये उघडते अशा फाइलमध्ये निघाली, फोटो एकेक करून उतरवले, ऑर्डरींच्या पानांचे प्रिंट काढले. पहाटे तीन वाजले. सकाळी मी त्या माणसाला फोन केला, आवाज चढला, आणि दुपारी माझा पासवर्ड चालेना.

डोमेनची नोंद त्याच्या खात्यात, त्याच्या ईमेलवर. आम्ही नोंदणी कंपनीला लिहिलं, त्यांचं उत्तर नियमाला धरून होतं: खातं ज्याचं त्यालाच ट्रान्सफरचा कोड मिळतो. त्याने कोडसाठी 40 हजार मागितले. आम्ही दिले नाहीत. पोलिस ठाण्यात अर्ज दिला, जीपेच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपचे मेसेज जोडले. रोख दिलेल्या पैशांचा मात्र आमच्याकडे कागदाचा कपटाही नव्हता. त्यानंतर त्याने सिक्युरिटी पॅकेजचे 18 हजार परत केले आणि साइटच्या फाइलींची एक झिप दिली. ती भाच्याने वेगळ्या मशीनवर उघडली. थीमच्या मुख्य फाइलीत वरच अनोळखी कोड, आणि आत 'डब्ल्यूपी-व्हीसीडी' नावाची फाइल. नल्ड थीममधून पसरणारी ही जुनी, माहितीतली लागण आहे, आणि ती एका साइटवरून त्याच होस्टिंगवरच्या दुसऱ्या साइटवर जाते. म्हणजे त्याची बाकीची गिऱ्हाइकं, त्यात कुणाचं हॉटेल असेल, कुणाचा क्लास, त्यांच्याकडेही ती पोचली असणार. हे लिहायला बसले त्याचं मुख्य कारण हेच.

पैशांपेक्षा मला अजून खटकतं ते वेगळंच. दोन वर्षांत ज्यांनी मूर्ती नेल्या त्यांची नावं, पत्ते, फोन, सगळं त्याच्या सर्व्हरवर राहिलं. मी प्रत्येकाला फोन करून सांगितलं, की आमच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दोनशेच्या वर फोन झाले. कुणी रागावलं नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटली.

आता नवी साइट आहे, वर्डप्रेसवरच, कारण दोष त्याचा नव्हता. डोमेन मी स्वतः माझ्या ईमेलवर, माझ्या कार्डाने घेतलं, वर्षाला हजारच्या आत. होस्टिंगही माझ्या नावावर. अलिबागच्या ज्या मुलीने काम केलं, तिला मी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून घेतलं आणि काम संपल्यावर तिने स्वतःहून सांगितलं, "आता माझं लॉगिन काढून टाका." थीमची पावती माझ्या नावाची आहे. महिन्याच्या एक तारखेला फाइली आणि डेटाबेस, दोन्हींची प्रत माझ्या हार्ड डिस्कवर उतरते. नुसत्या फाइली घेतल्या तर मजकूर आणि ऑर्डरी येत नाहीत, त्या डेटाबेसमध्ये असतात. आणि दर सोमवारी मी लॉगिन न करता, फोनच्या डेटावर, गूगलमधून आमचीच साइट उघडून बघते.

तुमची साइट असेल तर आज रात्री एवढं बघा: डाव्या मेनूत 'प्लगइन्स' दिसतं का, आणि डोमेनच्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर भांडण काढू नका, आधी गोडीत मागून घ्या आणि प्रत उतरवून ठेवा. ऑनलाइन पैसे फसवून गेले असतील तर 1930 ला लगेच फोन करा, वेळ घालवू नका. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक कायदा लागू होतो का, हे मात्र आधी विचारून घ्या: स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी असलेली सवलत 2019 च्या कायद्यात वस्तूंपुरती लिहिलेली आहे, तिथे सेवेचा उल्लेख नाही. आम्हाला ते फार उशिरा कळलं.

2023 ला अधिक श्रावण होता, गणपती 19 सप्टेंबरला आले, म्हणून देशातल्या गिऱ्हाइकांपुरती तरी साइट वेळेत उभी राहिली. पण मूर्तींच्या दोन हजार पेट्या आधीच छापून आल्या होत्या, झाकणावर लाल अक्षरांत जुना पत्ता. मी आणि जाऊ रोज रात्री त्यावर नव्या पत्त्याचे स्टिकर लावायचो. मार्चमध्ये बोटीने गेलेल्या पेट्यांवर ते लावता आले नाहीत, आणि त्याआधीच्या दोन वर्षांच्या पेट्या तर घरोघरी माळ्यावर आहेत. जुन्या डोमेनची मुदत पुढच्या जानेवारीत संपली, ते दुसऱ्याच कुणीतरी घेतलं, आणि आता तिथे जुगाराची साइट उघडते. आमची तशी पेटी तुमच्याकडे असेल तर झाकणावरचा पत्ता उघडू नका. झाकणाच्या आतल्या बाजूला फोन नंबर आहे, तो आमचाच आहे.