मान्यता होती, पण परीक्षेला बसता येईना

ग्रीन कार्ड आलं तेव्हा मुलगी शाळेत जायला लागली होती, आणि माझ्या बी.कॉम.ला अमेरिकेत कुणी विचारत नव्हतं. जानेवारी २०१३ मध्ये एका रात्री घरबसल्या डिग्रीची जाहिरात दिसली. नाव आणि फोन नंबर भरला. लॅपटॉप मिटायच्या आत फोन वाजला.

पलीकडची बाई स्वतःला ‘ॲडमिशन ॲडव्हायझर’ म्हणवत होती. मला ती समुपदेशक वाटली. खरं तर सीट विकणं हेच तिचं काम होतं. पहिल्याच फोनवर तिनं माझ्या मुलीचं नाव विचारून घेतलं, आणि नंतरच्या प्रत्येक फोनवर ते वापरलं. ‘आई ऑफिसला जाताना तिला किती छान वाटेल!’ आठवडाभर रोज फोन. मी विचार करते म्हटलं की ‘या बॅचच्या दोनच जागा उरल्यात’. ऑनलाइन वर्गात जागा कशा संपतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

कोर्स होता हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीचा, दोन वर्षांची असोसिएट डिग्री. हॉस्पिटलातल्या रुग्णांच्या नोंदी, आजारांचे कोड, विम्याचे कागद असं काम. फी साधारण ३४,००० डॉलर. नवऱ्यानं एकच नेमका प्रश्न विचारला, ‘मान्यता आहे का?’ उत्तर आलं, ‘हो, शिक्षण खात्यानं मानलेल्या संस्थेची आहे.’

हे शंभर टक्के खरं होतं. तिला खोटं बोलावंच लागलं नाही.

माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाला ‘मान्यता’ म्हणजे एकच शिक्का वाटतो. तसं नाही. संस्थेला मान्यता असली की तिच्या विद्यार्थ्यांना सरकारी शैक्षणिक कर्ज मिळू शकतं, म्हणजे संस्थेचा गल्ला भरतो. त्यातही तेव्हा ‘रीजनल’ आणि ‘नॅशनल’ असे दोन प्रकार होते. ऐकायला ‘नॅशनल’ भारी वाटतं, पण बरीच सरकारी कॉलेजं क्रेडिट्स, म्हणजे आधी दुसरीकडे पूर्ण केलेले विषय, मान्य करायची ती रीजनल मान्यतेच्या कॉलेजांचीच. आणि या दोन्हींपलीकडे त्या विशिष्ट कोर्सची मान्यता वेगळी. माझ्या क्षेत्रात नोकरीच्या जाहिरातींत आरएचआयटी हे रुग्णांच्या नोंदी सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचं प्रमाणपत्र मागतात. त्या परीक्षेला बसायचं तर कोर्सला सीएएचआयआयएम या संस्थेची मान्यता हवी. आमच्या कोर्सला ती नव्हती.

कर्जाचे कागद तिनं फोनवरच भरून घेतले, ‘आता खालचं बटण दाबा, आता सही’ असं करत. पहिल्या वर्षी ९,५०० आणि दुसऱ्या वर्षी १०,५०० डॉलर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज, म्हणजे मर्यादेपर्यंत सगळं. उरलेले १४,००० थोडे बचतीतून, थोडे संस्थेनंच दिलेल्या हप्त्यांच्या कर्जातून. त्याचा व्याजदर मी पहिला हप्ता भरताना पाहिला.

अभ्यास मी मनापासून केला, हे सांगायलाच हवं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. काही शिक्षक खरंच चांगले होते. शेवटच्या सत्रात परीक्षेची नोंदणी करायला गेले, तर यादीत आमच्या संस्थेचं नावच नाही. फोन केला. ती बाई नोकरी सोडून गेली होती. नवा माणूस म्हणाला, ‘परीक्षेची हमी आम्ही दिलेलीच नाही, करार वाचा.’ वाचला. तक्रार असेल तर कोर्टात न जाता लवादाकडे जायचं, असंही त्यात होतं.

मग कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांच्या डिग्रीचं स्थानिक सरकारी कॉलेज, गाठलं. तिथल्या बाईंनी माझी गुणपत्रिका दोनदा पाहिली आणि हळू आवाजात सांगितलं की यातलं एकही क्रेडिट घेता येणार नाही.

नोकरी मिळाली ती औषधांच्या दुकानात, गल्ल्यावर. महिन्याभरानं संस्थेच्या ‘करिअर सर्व्हिसेस’कडून फोन: ‘तिथे कॉम्प्युटर वापरता ना? आरोग्यक्षेत्रच आहे ना? मग या फॉर्मवर सही करा, तुम्ही तुमच्या क्षेत्रात काम करताय.’ जाहिरातीतले नोकरीचे टक्के कुठून येतात, ते मला त्या दिवशी कळलं. सही केली नाही.

सिनेटच्या एका समितीनं जुलै २०१२ मध्येच, म्हणजे मी फॉर्म भरायच्या सहा महिने आधी, आमच्या संस्थेसारख्या नफ्यासाठी चालणाऱ्या ३० शिक्षण कंपन्यांवर अहवाल दिला होता. त्यात २०१० चे आकडे आहेत: विद्यार्थी भरती करायला ३५,२०२ माणसं, आणि त्यांना नोकरीसाठी मदत करायला ३,५१२. मी तो वाचला डिग्री मिळाल्यावर.

तुम्ही असा कोर्स घेणार असाल, तर ‘मान्यता आहे का’ असं विचारू नका. कोणाची, कशासाठी, आणि त्यावर कोणती परीक्षा देता येते ते विचारा, तेही ईमेलवर. मग परीक्षा घेणाऱ्या किंवा त्या कोर्सला मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत स्वतः नाव शोधा. जवळच्या कम्युनिटी कॉलेजला फोन करून ‘ही क्रेडिट्स घ्याल का’ एवढं विचारलं, तर दहा मिनिटांत कळतं. मला ती दहा मिनिटं सुचली नाहीत.

फसवणूक सिद्ध झाली तर फेडरल कर्ज माफ होऊ शकतं. ‘बॉरोअर डिफेन्स’ नावाचा अर्ज आहे. माझ्या उपयोगी पडला त्या ॲडव्हायझर बाईचा एकमेव लेखी ईमेल, ज्यात ‘परीक्षेला पात्र व्हाल’ असं होतं. बाकी सगळं ती फोनवरच बोलली होती. बऱ्याच वर्षांनी फेडरल कर्ज सुटलं. ते १४,००० मात्र गेले ते गेले, कारण ही माफी फक्त फेडरल कर्जाला लागू होते.

हा अर्ज भरून देतो म्हणून ६०० डॉलर मागणारा फोनही मला येऊन गेला. अर्ज शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतो.