वीस प्रश्न की चौदा?

जळगावच्या विद्यापीठात एम.ए. करणाऱ्या भाचीने विचारलं, "मामा, वसतिगृहातल्या मुलांचं इंटरनेटचं व्यसन कशाने मोजू?"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांची १९९८ची चाचणी २० प्रश्नांची, तर डच संशोधकांची २००९ची मोजपट्टी १४ प्रश्नांची. वेळेत फरक किरकोळ. खरा फरक प्रश्नांत आहे. यंग ई-मेल तपासण्याबद्दल, जोडीदाराच्या जवळिकीबद्दल विचारतात. धुळे-नंदुरबारकडून आलेली अविवाहित पोरं तिथे अडखळतील, काहीतरी खूण करून मोकळी होतील. डच मोजपट्टी झोप, राहिलेली कामं, थांबता न येणं यांवर बोट ठेवते. मला तीच आपल्या पोरांच्या जवळची वाटते. निदान दोन्हींतून होत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञच करणार.

जुन्या अभ्यासांशी आकडे ताडायचे असतील तर यंग घे. वर्गात नुसती चाळणी लावायची तर डच, पण मराठी प्रश्न आधी अहिराणी बोलणाऱ्या चार मुलांना वाचून दाखव.