लाल डबा, दोन माईक आणि हॉलमधली आठ गाणी

"किती चॅनलचा आहे?" आमच्या ढोलकीवाल्याने पहिला प्रश्न हाच विचारला, आणि मी "दोन" म्हटल्याबरोबर त्याने ढोलकीची गवसणी परत बांधायला घेतली.

त्याचं काही चुकलं नव्हतं. आम्ही सहा जण. पेटी, ढोलकी, टाळ, गिटार आणि गळे. आणि मी टेबलावर ठेवला होता फोकसराइटचा स्कारलेट टू-आय-टू, म्हणजे माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा ऑडिओ इंटरफेस, तिसऱ्या पिढीचा, पुण्याच्या एका मुलाकडून नऊ हजारांना घेतलेला सेकंडहँड. माईक लावायच्या जागा दोनच. रंग लालभडक, म्हणून आमच्यात तो लाल डबा. पेटीवाले आजोबा मात्र शेवटपर्यंत "तुझा रेडिओ" म्हणत राहिले. "बाई, तुझा रेडिओ तापला का बघ गं."

मे महिन्याच्या सुट्टीत याच डब्यावर आम्ही आठ भक्तिगीतं रेकॉर्ड केली, नगरमध्ये, माझ्या हॉलमध्ये. अहिल्यानगर म्हणायला हवं आता, पण तोंडातून नगरच येतं. आधी ठरवलं होतं स्टुडिओत करायचं. एका ठिकाणी जाऊनही आलो. तिथली पद्धत अशी की आधी क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या टिकटिक ठेक्यावर, पेटी, मग ढोलकी, मग एकेकाने काचेच्या खोलीत जाऊन गायचं. आजोबांनी कानाला हेडफोन लावला, क्लिक चार मात्रा ऐकली, हेडफोन काढून हळूच पेटीवर ठेवला आणि म्हणाले, "हे घड्याळ कोणासाठी?" विषय तिथेच संपला. गुरुवारच्या घरगुती प्रार्थनासभेत आम्ही वीस वर्षं जसे गातोय तसंच गायचं होतं, सतरंजीवर, एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

गाण्यांचं आधी सांगते, कारण त्यात पुष्कळ जण फसतात. परदेशी उपासना गीताचं मराठी भाषांतर करून टाकून द्यायचं आणि मग हक्काचा प्रश्न आला की हात वर करायचे, हे आम्हाला नको होतं. आपल्याकडे गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले, म्हणजे त्यांची पदं कधीच मोकळी झाली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाल्यावर टिळक ज्या नगरात येऊन राहिले, त्याच नगरात बसून त्यांची पदं गायची, तर परवानगी मागायला कुठे जाणार? पाच गीतं त्यांची घेतली. उरलेली तीन आमच्या पाळकसाहेबांनी स्वतः लिहिलेली. त्यांच्याकडून मात्र कागदावर सही घेतली. ते हसले, पण सही केली.

आता डब्याबद्दल.

पाठीमागून एक यूएसबी-सी वायर लॅपटॉपला जाते आणि वीजही तिच्यातूनच येते, वेगळा अडॅप्टर नाही. पुढे दोन खाचा, त्यात माईकची तीन टाचण्यांची वायर बसते आणि गिटारची जाड पिनही बसते. प्रत्येक खाचेला एक गेनचं, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारं, बटण आणि त्याच्याभोवती दिव्याची कडी. आवाज बेताचा असला की हिरवी, काठावर आला की नारिंगी, फाटला की लाल. ही कडी म्हणजे या डब्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. डेसिबल कशाशी खातात हे आमच्या मुख्य गाणाऱ्या मावशीला माहीत नाही, पण "मावशी, तुम्ही वरच्या पट्टीत गेलात की लाल होतंय" म्हटलं की ती आपण होऊन वीतभर मागे सरकते. मी गेन इतकाच ठेवला की सगळ्यात मोठ्या आवाजालाही रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधली पट्टी वजा बारा डेसिबलच्या आसपास थांबावी. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज बारीक आला म्हणून घाबरू नका, नंतर वाढवता येतो. फाटलेला मात्र शिवता येत नाही.

माईक दोन. एक शुअर एसएम ५७, आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कपाटातून मागून आणलेला. १९६५ पासून हा माईक बाजारात आहे आणि आमचा बहुधा त्याच काळातला असावा, जाळीला पोचे आहेत. दुसरा स्वस्तातला कंडेन्सर, म्हणजे वीज लागणारा, बारीकसारीक आवाजही टिपणारा माईक. त्याच्या ब्रँडचं नाव लिहीत नाही. त्याच्या झुल्याचं रबर तिसऱ्या दिवशी तुटलं आणि पुढची पाच गाणी तो माझ्या केसांच्या रबरावर लोंबकळत होता. आवाज चांगला देतो, हे कबूल. कंडेन्सरला ४८ व्होल्ट लागतात. डब्यावर त्याचं बटण एकच आहे, दाबलं की दोन्ही खाचांना वीज जाते. ५७ ला त्याची गरज नसते पण धड वायर असेल तर त्याला काही होतही नाही, म्हणून बिनधास्त दाबलं.

सहा जणांना दोन माईकवर कसं बसवायचं यात पहिले दोन दिवस गेले, आणि माझ्या मते सगळं काम याच दोन दिवसांत झालं. ५७ मुख्य गळ्याला, म्हणजे मावशीला. तो समोरचंच ऐकतो, बाकीचं पुष्कळसं सोडून देतो. जवळ गेलं की आवाज जाड होतो, तेव्हा तर्जनी-अंगठा ताणून जेवढं होतं तेवढं अंतर कायम ठेवायचं. कंडेन्सर हॉलच्या मध्यावर, बसलेल्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, आणि बाकी सगळे त्याच्याभोवती. एकेकाचा आवाज कमी-जास्त करायला फेडर नव्हता, सतरंजी होती. पेटी जोरात ऐकू आली की पेटी एक फरशी मागे. शहाबादी फरशी असल्यामुळे हे मोजायला सोपं गेलं. "आजोबा दीड फरशी, गिटार एक फरशी" असं मी वहीत लिहून ठेवलेलं आहे. ढोलकी दाराच्या उंबरठ्यावर गेली. टाळ सगळ्यात वाईट. दोन हात लांबून वाजवला तरी सुईसारखा टोचतो. शेवटी टाळवाल्या भावाला कंडेन्सरच्या बरोबर पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात बसवलं, कारण याच्यासारख्या एकाच दिशेने ऐकणाऱ्या (कार्डिऑइड) माईकचे कान पाठीमागच्या बाजूला जवळजवळ बंद असतात. तिथून जे येतं ते खोलीत फिरून येतं आणि टाळ एकदम देवळाच्या सभामंडपातल्यासारखा मऊ झाला. ढोलकीवाल्याने हे हेडफोनवर ऐकलं आणि गवसणी सोडली.

हेडफोनवरून आठवलं. या डब्याला हेडफोनची जागा एकच. सहा जणांना ऐकायचं असेल तर वेगळं काहीतरी घ्यावं लागतं. आम्हाला लागलं नाही, कारण गाताना हेडफोन मी एकटीच घालत होते. त्यातही "डायरेक्ट मॉनिटर"चं बटण आहे, त्यामुळे लॅपटॉपमधून फिरून उशिरा येणारा आवाज ऐकावा लागत नाही, थेट माईकचा ऐकू येतो. ते बटण मोनोवर ठेवा. स्टीरिओवर ठेवलंत तर मावशी डाव्या कानात आणि उरलेली सगळी मंडळी उजव्या कानात, डोकं गरगरतं.

हेडफोन घातल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत. पहिल्या दिवशी ढोलकीच्या प्रत्येक "धूम"नंतर बारीक खण्ण ऐकू येत होतं. ढोलकी तपासली, कडी तपासली, टाळवाल्यावर संशय घेतला. निघालं काय, तर आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटातले रिकामे हँगर. सगळे काढून पलंगावर टाकले. दुसरं म्हणजे घूंऽऽ असा आवाज. लॅपटॉपचा चार्जर मी दोन पिनांच्या एक्स्टेन्शनला लावला होता. चार्जर उपसला, आवाज गेला. तेव्हापासून बॅटरी भरायची आणि बॅटरीवरच रेकॉर्ड करायचं. भाताही ऐकू येतो. आजोबांच्या पेटीचा भाता श्वास घेतो, अगदी माणसासारखा. तो मी ठेवला.

पंखा अर्थातच बंद. मे महिना, नगर, दुपार, भिंतीवर टांगलेल्या चार गोधड्या आणि सहा माणसं. तबल्याढोलकीचं कातडं जाऊ द्या, माणसंच उतरायला लागली. मग पहाटे साडेपाच ते आठ ही वेळ ठरली. साडेसातला दूधवाला, पावणेआठला समोरच्या काकूंचा कुकर. काकूंना मी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुमचं होऊ दे, मी शिट्टी काढूनच ठेवते," आणि खरंच आठवडाभर त्यांनी डाळ पातेल्यात शिजवली.

सूर लावायचा घोळ वेगळाच. पेटी जुनी, मोबाईलच्या ट्यूनरप्रमाणे थोडी चढी. पेटीचे सूर काही आपल्याला पिळता येत नाहीत, तेव्हा गिटारच पेटीला जुळवली. आम्ही गातो काळी एकमध्ये, गिटारला पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा आणि मग एकेक तार कानाने पेटीशी मिळवायची. ट्यूनर बंद. यात रोज वीस मिनिटं.

आता तोटा. सगळे एकदम गातात, दोनच माईक, म्हणजे प्रत्येकाचा आवाज दोन्हीकडे शिरलेला. चूक झाली की तेवढीच काढून बदलता येत नाही, सगळं पुन्हा. पाचव्या गाण्याला अकरा टेक झाले. दहावा अप्रतिम चालला होता आणि शेवटच्या कडव्याला गिटारवाल्याचा मोबाईल सतरंजीखाली थरथरला. कोणी काही बोललं नाही. त्यानेच मोबाईल उचलून बाहेर स्कूटरच्या डिकीत ठेवला. अकरावा टेक चालू असताना लाईट गेली. डबा लॅपटॉपच्या बॅटरीवर चालत होता, आम्हाला कळलंसुद्धा नाही. नंतर ऐकलं तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्या कडव्यापासून मागची सगळी भुणभुण एकाएकी नाहीशी झाली आहे. आमचा फ्रिज, शेजारचा कूलर, गल्लीतली मोटर, सगळं गप्प. अल्बममध्ये तोच टेक आहे. त्यानंतर मी फ्रिज बंद करायला लागले, एवढी साधी गोष्ट आधी सुचली नव्हती.

क्लिक लावली नाही, याचा पस्तावा नाही. आमचं भजन चढतं. सुरुवातीला ठाय, शेवटी टाळ्या. त्याला एका लयीत बांधलं तर ते भजन राहत नाही. पण लक्षात घ्या, मग नंतर कीबोर्ड किंवा ड्रम वरून बसवायचा विचार सोडावा लागतो.

सॉफ्टवेअर रीपर. साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर साध्या माणसासाठी साठ डॉलर. दिसायला रुक्ष, आमच्या शाळेच्या हजेरीपटासारखं, पण माझ्या आठ वर्षांच्या लॅपटॉपवर एकदाही अडकलं नाही. मिक्सिंगला हात लावायला फारसं काही नव्हतंच. मावशीचा माईक थोडा वर, खालची गुरगुर कापली, पुरे. आवाज चढवण्याच्या फंदातही पडले नाही. स्पॉटिफाय सगळ्यांना वजा चौदा लफ्सच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणून ठेवतं, मग आपण कशाला दाबून दाबून गाणं चपटं करायचं?

मनस्ताप झाला तो गाणी सगळीकडे टाकून देणाऱ्या सेवेचा. नाव देत नाही. देवनागरीत भरलेल्या शीर्षकांच्या वेलांट्या गायब झाल्या, भाषेत "हिंदी" पडलं आणि दुरुस्तीच्या तीन ईमेलांना एकच छापील उत्तर आलं. नाताळाआधी सुधारलं एकदाचं. तुम्ही टाकणार असाल तर दोन महिने हातात ठेवा.

तर हा डबा घ्यावा का? प्रत्येक वाद्य वेगळं पाहिजे, चुका नंतर दुरुस्त करायच्या आहेत, तर घेऊ नका. याच घराण्यातला एटीन-आय-ट्वेन्टी आहे, त्यात माईकच्या आठ जागा आहेत. मात्र आठ जागा म्हणजे आठ माईक, आठ स्टँड, आठ वायरी आणि त्या गुंडाळणारा एक माणूस. आमच्यासारखं वर्षानुवर्षं एकत्र बसून गाणाऱ्यांना दोन पुरतात. पण गाणी पाठ हवीत. वहीची पानं उलटल्याचा आवाज कंडेन्सरला फार आवडतो.

सध्या डबा आमच्याकडे नाही. मागच्या गल्लीतल्या भजनी मंडळाला हरिपाठ रेकॉर्ड करायचाय, ते घेऊन गेलेत. फरशांची वहीही मागत होते. म्हटलं, तुमच्या हॉलला मोझेक आहे, तुमचं तुम्ही मोजा. केसांचं रबर मात्र दिलंय.